मापाबाहेरचा

आक्काबाईने कपाटावरचा पडदा ओढला आणि सहा जण तिच्याकडे टक लावून पाहू लागले.

एकाच्या तोंडावर निळा मुखवटा. एकाच्या मुठी शिशाच्या रंगाच्या. आणि एकाला चार हात. चार हात पाहिल्यावर तिला दुसरा पुरावा नको होता.

सून बाहुले जमवते हे तिला ठाऊक होतं. लग्नात भांड्यांबरोबर तीन आले होते. शिलाई मशीनशेजारी उघड्यावर उभे असत, आणि आक्काबाई त्यांना पोरखेळ म्हणून सोडून देई. पण लेकीच्या बाळंतपणाला ती महिनाभर पाथर्डीला गेली, परवा परत आली, तर कपाटाला नवा पडदा. बाहुल्यांना पडदा कशाला लागतो? काल नळावर गोजरबाईने हळूच विचारलंच, तुमची सून पडद्याआड काय पुजती?

वस्तीत हा प्रश्न साधा नव्हता. दीक्षा घेतल्यावर शेवगावच्या या वस्तीने घराघरातले देव टोपल्यांत भरून नदीत सोडले, तेव्हा पहिली टोपली आक्काबाईच्या नवऱ्याची होती, सहादूची. सहादू जाऊन सात वर्षं झाली, तरी हे पहिल्या टोपलीचं घर. उद्या बुद्धपौर्णिमा. वंदना आटोपून सगळ्या बाया खिरीला इथेच येणार. त्याआधी या घरात देव निघाला, तर सून आजच्या एस्टीने नगरला माहेरी. आक्काबाईने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिने सुनेला हाक मारली. प्रज्ञा गळ्यात टेप अडकवून आली आणि उघडा पडदा बघून दारातच थबकली. मग कॉमिक काढून दाखवू लागली. हा वीजवीर, हा लोहमुठी, आणि चार हातांचा तो देवबिव नाही, चौमुठ्या डाकू, दर अंकात मार खातो. नगरला गोरक्ष म्हणून एक जण गणपतीच्या कारखान्यात कामाला आहे. सीझन सरला की चित्र बघून तो हे घडवून देतो. ब्लाउज शिवून पैसे साठले की ती एक आणते.

ती बोलत होती, पण पडद्याचं टोक काही तिच्या हातातून सुटत नव्हतं. आक्काबाईने ते पाहिलं. लपवणारं माणूस तिला लांबून कळे.

बाहेरच्या खोलीत तिचा मास्तर लेक तुषार बाजेवर पडला होता. शाळेला सुट्टी होती. तिथूनच तो म्हणाला, आई, तूच सांग हिला. फूटभर उंच प्लास्टरचा पन्नास रुपयांना मिळतो, शोकेसमध्ये लांबून दिसतो. ही वीतभर घेते, शाडूचा, आणि त्याला मोजते ऐंशी.

प्रज्ञाचं म्हणणं वेगळं होतं. प्लास्टरचा आतून पोकळ, नाकडोळे पुसट. शाडूचा भरीव, त्याच्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते. आणि सगळे एका मापाचे हवेत. एक मोठा अन् बाकीचे लहान ठेवले, की त्यांची मारामारी होत नाही, दरबार भरतो. पहिला लोहमुठी दोन बोटं कमी भरला, तर तिने तो टेपने मोजून एस्टीने नगरला परत धाडला होता.

आक्काबाईला एवढंच ऐकू आलं, की लहान असून महाग. बाहुला जेवढा मोठा तेवढा महाग असतो. लहान असून महाग असतो तो देव.

तिने एकेकाला उचलून पाहिलं. वीतभर, वीतभर, वीतभर. चौमुठ्याला उचललं, आणि त्याच्या पाठीमागे सातवा दिसला.

अंगठ्याएवढा. निळा मुखवटा, खांद्यावर लाल साटीनचा शेला.

"ह्यो कोन?"

प्रज्ञाने पडद्याचं टोक पुढे ओढलं.

बाजेवरून तुषारच हसला. तो होय, त्याचं म्हणे अजून कॉमिक निघायचंय.

दोन बोटं कमी म्हणून परत धाडणारी ही बाई, हिने अंगठ्याएवढा ठेवून घेतला होता, आणि तोही सगळ्यांच्या मागे. आक्काबाईने तो हातात घेतला. शाडूपेक्षा जड लागला. प्रज्ञाने पुढे येऊन "आत्याबाई, राहू द्या ना," म्हटलं, तशी आक्काबाई पाठ करून उभी राहिली. मुखवट्यावर नख लावलं. निळ्या रंगाची पापडी निघाली. खाली पितळ. तिने शेला वर सारला. उजवा हात कोपरापासून तुटलेला.

आक्काबाईचं नख तिथेच थांबलं.

ही तिची होती. लग्नात आईने ओटीत घातलेली यमाई. सहादूने टोपली भरली त्या दिवशी नव्या नवरीने कमरेला खोचून ठेवलेली, आणि नंतर सदतीस वर्षं ज्वारीच्या कोठीच्या तळाशी असलेली. लग्नानंतर आई वर्षभरसुद्धा जगली नव्हती. तिने दिलेलं दुसरं काही उरलंही नव्हतं.

"तुम्ही पाथर्डीला होता," प्रज्ञा अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "ह्यांनी कोठी उन्हात घालायला काढली. तळाशी ह्यांच्या आधी माझा हात लागला."

बाज करकरली. तुषार दारात आला. आईच्या बंद मुठीकडे त्याचं लक्ष गेलं.

"काय गं आई, निघाला का देव?"

आक्काबाईने मूठ सुनेच्या तळहातावर रिकामी केली आणि वरून तिची बोटं मिटवली.

"देव कुठला रं, तुज्या बायकोचा बाहुला हाय," ती म्हणाली. "रंग तेवढा लई पातळ लावलाय पोरीनं."