उलटी टोपी

बेसबॉलमध्ये आपली टीम हरायला आली की आम्ही चाहते टोपी उलटी करून घालतो, अस्तर बाहेर. अमेरिकेत शिकताना हे वेड लागलं आणि जर्मनीत आलो तरी सुटलं नाही. टोपीने काही होत नाही, हे वर्षानुवर्षं हरणाऱ्या टीमच्या माणसाला कुणी सांगायला नको. तरी घालतो.

२००५च्या ऑक्टोबरात फ्रँकफर्टच्या हॉस्पिटलात माझ्या बायकोशेजारी, ऊर्मिलाशेजारी, मी तशीच टोपी घालून बसलो होतो. अपघातानंतर तिने डोळे उघडलेच नव्हते.

सासूबाई पुण्याहून थेट तिथेच आल्या. जन्मभर फिजिक्स शिकवलेली बाई. घरात कधी कुणाची दृष्टसुद्धा काढू दिली नाही.

"सत्यजित, ती टोपी आधी सरळ करा. काय वेडेपणा हा."

"आई, आपण हरतोय."

त्यांनी टोपीकडे बोट केलं. मी टोपी काढून खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. बराच वेळ मशीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आता फार आशा ठेवू नका."

मी त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं. सासूबाई उठून बाथरूममध्ये गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या स्वेटरच्या शिवणी वर आल्या होत्या, मानेपाशी लेबल लोंबत होतं. नर्सने हळूच मला खूण केली.

"आई, स्वेटर उलटा घातलाय तुम्ही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमची टोपी कुठे आहे?"