चाकाखालची लिंबं

प्रज्ञा आली होती गाडीच्या वायरी सोडवायला. पण बॉनेट उघडायच्या आधी ती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि टायरच्या खाचेत अडकलेली लिंबाची साल नखाने काढून बघत राहिली.

"पूजा कधी केलीत?"

"रविवारी. गाडी आली त्याच दिवशी," केतन म्हणाला. वायरी सोडवायला पूजेची तारीख कशाला लागते, ते त्याला कळेना.

पनवेलहून टेम्पो निघाला होता. त्यात या गाडीत बसवायचं दुसरं इंजिन होतं, साधं, चार पिस्टनचं, कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून खोलेल असं. ही तीस वर्षांची बुटकी लाल जपानी गाडी केतनने घेतली होती ती मात्र तिच्या मूळ इंजिनासाठी. त्यात पिस्टनच नाहीत. फुगलेल्या समोशासारखे दोन लोखंडी त्रिकोण आत गरगर फिरतात. तो आवाज केतनने विशीत एकदा ऐकला होता आणि पुढे सतरा ट्रेलरांचा मालक झाला तरी तो त्याच्या कानातून गेला नव्हता. रविवारी गाडी अंगणात आली आणि पूजेनंतर जी बंद पडली ती पडलीच. तीन मेकॅनिक हात टेकून गेले. आज ते मूळ इंजिन काढून टाकणार, या विचाराने सकाळपासून त्याला चहा गोड लागला नव्हता.

"लिंबं चिरडल्यावर काय केलंत?" प्रज्ञाने विचारलं.

"बंद केली. नारळ फोडायचा होता."

"मग?"

"आत्या उशिरा आली. ती रुसली, म्हणून गाडी मागं घेतली, परत चार लिंबं ठेवली."

"आणि परत बंद केलीत." प्रज्ञा उठून उभी राहिली. "शेठ, या इंजिनाला नेमकं हेच चालत नाय. थंड असताना ते पेट्रोल ढोसतं. दोन हात पुढे नेऊन बंद केलं की सगळं पोटात राहतं, आतलं तेल धुऊन जातं आणि दाब धरत नाय. त्यावर तिघांनी सेल्फ मारमारून आणखी पाजलं असणार."

तिघांनी अगदी तेच केलं होतं.

ओटीवरून त्याची आई, सगुणाबाई, कडाडली. "म्हंजे माज्या लिंबांनी गारी मेली?"

"लिंबांनी नाय मावशी. चावीनं."

सगुणाबाईने तोंड फिरवलं. नव्या इंजिनाच्या पूजेसाठी आणलेली चार लिंबं तिने पदरात घट्ट धरली.

"पण आतल्या त्रिकोणाच्या टोकाची पट्टी तुटली असेल, तर माझ्याकडे पण औषध नाय," प्रज्ञा केतनला म्हणाली. "मग वायरी मीच सोडते."

तिने तुळशीपाशी जळणारी अगरबत्ती आत न्यायला लावली, पेट्रोल पंपाचा फ्यूज उपटला आणि चारही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. ते ओले चिंब होते. बंदरावर थंड कंटेनरांची मशिनं दुरुस्त करणारी ही पोरगी कुठलाच बोल्ट दुसऱ्यांदा चाचपत नव्हती. केतनच्या पदरी बारा मेकॅनिक होते, पण असा हात एकाचाही नव्हता.

केतनने सेल्फ मारला तशी प्लगच्या भोकांतून पेट्रोलची पिचकारी उडाली. दोन-तीनदा मारल्यावर भोकं कोरडी झाली.

"आता कोणी बोलायचं नाय. एका फेऱ्यात तीन फुसके येतील. तिन्ही सारखे आले पाहिजेत."

ती भोकाजवळ कान नेऊन वाकली. केतनने चावी फिरवली. फस... फस... फस. तिन्ही मरतुकडे. केतनला ते आपल्याच छातीतून आल्यासारखे वाटले.

प्रज्ञाने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण मागितलं. एकेक झाकण मोजून दोन्ही त्रिकोणांच्या खोल्यांत इंजिन ऑइल सोडलं.

"मारा."

फूस. फूस. फूस. आता त्यांत दम होता.

"परत."

ती मागच्या भोकाशी गेली. डोळे मिटून ऐकत राहिली. रस्त्यावरून एक ट्रेलर खडखडत गेला, तो पूर्ण जाईपर्यंत ती थांबली, मग तिने पुन्हा सेल्फ मारायला लावला.

"सारखे आहेत," ती म्हणाली. "पट्ट्या शाबूत आहेत, शेठ."

केतनचे डोळे भरून आले. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

प्लग बसले, फ्यूज बसला. गाडी आधी खोकली, मग भडकन पेटली. पांढऱ्या धुराने अंगण, तुळस, शेजाऱ्यांची कोंबडी, सगळं गडप झालं. त्या धुरातून तो आवाज आला, घोगरा आणि एकसंध, वीस वर्षांपूर्वी ऐकला होता तसाच.

"गरमीचा काटा मध्यावर येईपर्यंत चावीला कोणी हात लावायचा नाय," प्रज्ञा ओरडून म्हणाली. केतन स्टिअरिंगला दोन्ही हात लावून काट्याकडे बघत बसला.

तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजला. पनवेलचा टेम्पो आला होता. "शेठ, इंजिन कुठं उतरवू?" ड्रायव्हरने विचारलं. केतनला ते ऐकूच गेलं नाही.

सगुणाबाई ओटीवरून उतरली. पदरातली लिंबं घेऊन लाल गाडीच्या चाकापाशी आली आणि तिने प्रज्ञाकडे पाहिलं. प्रज्ञाने हळूच मान हलवली. नाही. म्हातारी वळली. मग धुरातून वाट काढत फाटकाबाहेर गेली आणि कमरेवर हात ठेवून वाकत टेम्पोच्या चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवून आली.

"जा आता सुखरूप," ती ड्रायव्हरला म्हणाली. "आनि पनवेल येईस्तवर गारी बंद करू नको."