दारावरचा झेंडा

फायरिंग रेंजवर लाल झेंडा दिसला की कुणी आत पाऊल टाकत नाही. निवृत्त हवालदार जीवनने हाच नियम उलवे गावातल्या आपल्या घरी आणला. दोन वर्षांपूर्वी रागाच्या भरात त्याने बायकोचा हात मोडला होता. त्याच्या रागावर उपचार सुरू झाले, तेव्हापासून डोकं तापलं की तो दाराला झेंडा लावून खाडीवर जायचा आणि शांत झाल्यावरच घरात शिरायचा. आज बाजारातून आला, तर झेंडा आधीच फडकत होता. सकाळी त्याने इन्स्पेक्शन असल्यासारखी गच्ची झाडली होती, बायकोने वाळत घातलेल्या जवळा मासळीसकट. शेजारच्या गोदूबाई धास्तावल्या. "काय रं जीवन, परत डोकं फिरलं?" "माझं नाय, काकी. आज झेंडा तिचा हाय." आतून भांड्यांची आदळआपट ऐकू आली. जीवन ओट्यावर बसून गालात हसला. पूर्वी त्याच्या धाकाने ती चमचासुद्धा आवाज न करता ठेवायची.