विषय : निरीक्षण

कोपऱ्यावरच्या बारमध्ये दर बुधवारी आमची क्विझ असायची. प्रश्न मी विचारायचो, फळ्यावर गुण दादा लिहायचा. डस्टर हाताशी असूनही तो फळा शर्टाच्या बाहीनेच पुसायचा आणि घरी जाऊन वहिनीची बोलणी खायचा.

दादा गेल्यानंतरची ही पहिलीच क्विझ. त्याने लिहिलेले शेवटचे गुण मला काही पुसवेनात. म्हणून फळ्याकडे पाठ करून मी गुण कागदावरच मांडत होतो.

आजचा विषय होता निरीक्षण. शेवटचा प्रश्न विचारला, "या खोलीत आत्ता माणसं किती? मलाही धरा, नाहीतर नंतर भांडाल."

पाच टेबलांनी बत्तीस लिहिलं. मीही बत्तीसच मोजले होते. आज पहिल्यांदाच आलेल्या एका बाईंनी मात्र तेहेतीस लिहिलं.

"ताई, आरशातलाही एक धरलात वाटतं!" मी म्हणालो. सगळे हसले.

"छे हो, चांगलं दोनदा मोजलंय," त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या.



"ते बाहीने फळा पुसतायत, त्यांना धरलंत का तुम्ही?"