धरलेला सूर

"दार उघड गं पोरी, जीव गुदमरतोय!" तोंडातली नळी काढून कौतिकबाईंनी काचेच्या पेटीवर आतून थाप मारली. नाकाला चिमटा होता आणि दार बाहेरून बंद.

चुलीच्या धुरानं फुफ्फुसं किती बाद होतात, याचा दवाखान्यात अभ्यास चालला होता. नळीत सलग सहा सेकंद श्वास सोडता आला तरच त्यात नाव राहणार, नाहीतर इथलं फुकट औषध बंद. दोन प्रयत्न वाया गेले होते. हा शेवटचा.

"चुलीपुढं चाळीस वर्षं कोंडून घेतलंत, आजी. इथं पाच मिनिटं," यंत्रापाशी बसलेली मयूरी माइकवर म्हणाली.

"त्या घराला दार होतं. संध्याकाळी कीर्तनाला जाता यायचं."

"कीर्तनात काय करता तुम्ही?"

"टाळ वाजवते. बुवांचा दम संपला की मागं सूर धरते. ते परत उचलेपर्यंत सोडायचा नाही."

"मग समजा, बुवांचा दम संपलाय. धरा सूर. पण आवाज नको, नुसता श्वास."

म्हातारीनं नळी तोंडात धरली, डोळे मिटले. श्वास सुटला. चार. सहा. नऊ. पडद्यावरची रेघ सरकतच राहिली.

"झालं आजी, थांबा!"

कौतिकबाई थांबेनात. चेहरा काळवंडला, तरी बोटं मांडीवर ठेका धरून होती.

दाराकडं धावलेली मयूरी मध्येच थबकली. बुवांनी सूर कुठं उचलला होता अजून? जन्मात कधी न गायलेल्या त्या मुलीनं मागं फिरून माइक ओढला आणि घाबऱ्या, बेसूर आवाजात सुरू केलं, "विठ्ठल... विठ्ठल..."

तेव्हा कुठं कौतिकबाईंनी सूर सोडला.