त्या खुर्चीत कुणी बसणार नाही

"राघवेंद्र, आजपासून तुम्ही इथं खेळायला येऊ नका," विशाखा म्हणाली.

राघवेंद्र वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याचे हात तिथंच थांबले. लातूरच्या त्या टेनिस कोर्टावर ऊन नुकतंच जाळीपर्यंत पोचलं होतं. पलीकडं अमरनाथ आणि मल्लेश रॅकेट धरून उभे होते. गेली कित्येक वर्षं या चौघांची सकाळ इथंच सुरू व्हायची. दोघं अलीकडं, दोघं पलीकडं. घाम निघेपर्यंत खेळायचं, हरणाऱ्यांची थट्टा करायची आणि घरी जाऊन, आवरून, चौघांनीही एकाच शाळेत शिकवायला जायचं.

"मॅडम, माझं जरा ऐकून तर घ्या."

"ऐकायचं काय राहिलंय आता?" अमरनाथ पलीकडून म्हणाला. "जावा, खुर्ची गरम करा."

राघवेंद्रनं नाडी बांधली. बॅग खांद्याला लावून तो फाटकाबाहेर गेला.

परवापरवापर्यंत विशाखा त्या शाळेची मुख्याध्यापिका होती. शाळा खासगी, संस्थेचे अध्यक्ष नांदेडला राहत. एक दिवस त्यांचा फोन आला. दिपाली नावाची तरुण शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर होती, तिला परत घेऊ नका, असा निरोप होता. विशाखानं साफ नकार दिला. पोरगी जीव ओतून शिकवते, तिचा गुन्हा काय, असं तिनं विचारलं. अध्यक्षांनी वाद घातला नाही. त्यांनी विशाखालाच पदावरून उतरवलं आणि आठवीच्या वर्गावर मराठी शिकवायला धाडलं.

राजीनामा द्यायचं ठरवूनच ती दुसऱ्या दिवशी कोर्टावर आली होती. या तिघांनी तिला अडवलं. "तुम्ही जाऊ नका मॅडम," राघवेंद्र म्हणाला होता. "कुणी कितीबी बोलावू दे, त्या खुर्चीत आमच्यापैकी कुणी बसणार न्हाई." मल्लेशनं जाळीवर हात ठेवला. त्यावर अमरनाथनं ठेवला, त्यावर राघवेंद्रनं. विशाखा तोंड फिरवून उभी राहिली, कारण तिला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

त्या हातांच्या भरवशावर ती शाळेत टिकली. व्हरांड्यात पालक नजर चुकवायचे, शिपाई आता उठून उभा राहायचा नाही. तिला फारसं लागायचं नाही. आपली तीन माणसं आपल्या बाजूला आहेत, एवढं तिला पुरायचं. आणि काल स्टाफरूममध्ये नव्या मुख्याध्यापकांचं नाव जाहीर झालं, ते राघवेंद्रचं.

आज कुणालाच खेळ सुचेना. तिघं कोर्टाच्या कडेला बसून राहिले.

"केसानं गळा कापला की हो यानं," अमरनाथ म्हणाला. "मला बोलावलं असतं ना, तर अध्यक्षाच्या तोंडावर नाही म्हणून आलो असतो."

"जाऊ द्या मॅडम," मल्लेश हळूच म्हणाला. "आम्ही दोघं हाव की."

विशाखाच्या मनाला तेवढाच आधार वाटला. एक गेला, पण दोन राहिले. माणसं ओळखण्यात आपण अगदीच चुकलो नाही, असं स्वतःला समजावत ती शाळेत गेली.

दुपारी दिपाली तिच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. रजा संपवून ती त्याच दिवशी रुजू व्हायला आली होती. डोळे लाल झाले होते.

"उद्यापासून येऊ नका म्हणले, मॅडम," ती म्हणाली. "राघवेंद्र सरांनीच सांगितलं. माझ्याकडं बघतबी नव्हते."

शाळा सुटेपर्यंत विशाखानं कसंबसं शिकवलं. मुलं पांगल्यावर ती थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली. त्या खोलीत तिनं आयुष्याची उमेदीची वर्षं काढली होती. तिला पाहताच राघवेंद्र सवयीनं खुर्चीतून उठला.

"माझी खुर्ची घेतलीत, ते मी गिळलं," ती म्हणाली. "पण दिपालीला काढताना काहीच वाटलं नाही तुम्हाला? अंगावर पिणारं लेकरू आहे तिचं."

राघवेंद्रनं दार लोटून घेतलं. तो परत खुर्चीत बसला नाही.

"अध्यक्षांनी मुलाखतीला नांदेडला बोलावलं होतं, मॅडम. विचारलं एकच. दिपालीला काढाल का?"

"आणि तुम्ही हो म्हणालात."

"हाव."

"लाज वाटायला पाहिजे होती. बाहेर बघा." तिनं खिडकीकडं बोट केलं. मैदानावर तिच्या स्कूटीपाशी अमरनाथ आणि मल्लेश तिची वाट बघत उभे होते. "ती बघा माणसं. शब्दाला जागणं त्यांच्याकडून शिका. तुमच्यापेक्षा ती दोघं लाख पटीनं बरी."

राघवेंद्रनं खिडकीबाहेर बघितलं. मग खाली मान घालून म्हणाला,

"वयानं मी मोठा, म्हणून मला घेतलं, मॅडम. हो तर आम्ही तिघंही म्हणालो होतो. अमरनाथच्या गाडीतनं सोबतच गेलो होतो."