रोजच्या वापरासाठी

"एकदम हलकं आहे ताई, चिकट होत नाही, रोज लावा," असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगत ती दुकानाबाहेर भर उन्हात सनस्क्रीनची सॅम्पल वाटायची. सावलीत उभं राहिलं की गिऱ्हाइकांना दिसत नाही, म्हणे!

एकदा तिने स्वतःसाठी एक पाकीट फोडलं, तर मॅनेजर अंगावरच आला. "ते गिऱ्हाइकांसाठी आहे. तुला कोण बघतंय?"

घरी आई भडकली. "आरशात बघ, तोंड किती रापलंय! त्या मेल्याला म्हणावं, तू उभा राहा तासभर."

उन्हाळा सरता सरता मॅनेजरने तिचा फोटो काढला. "जाहिरातीत टाकतोय तुला," म्हणाला. राग गिळून ती हसलीसुद्धा.

सोमवारी दुकानावर भलामोठा फ्लेक्स लागला. 'वापरण्याआधी' या शब्दांखाली स्वतःचा रापलेला चेहरा बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि शेजारी 'वापरल्यानंतर' म्हणून कोणती गोरीगोमटी आणून बसवलीय, ते बघायला ती तरातरा पुढे गेली.

 

तीही तीच होती. कामावर लागली त्या दिवशी ओळखपत्रासाठी काढलेल्या फोटोतली.